परदेशातील मत्स्यालय निवडताना: दुबई, सिंगापूर, ओसाका की मॉन्टेरे?

परदेशप्रवासात मोठ्या मत्स्यालयासाठी अर्धा दिवस राखावा की नाही, हा प्रश्न कोकणातल्या माणसापुढे मुंबई-पुण्याच्या प्रवाशापेक्षा थोडा वेगळा उभा राहतो. हर्णै, मिरकरवाडा किंवा मालवणच्या बंदरावरचा लिलाव पाहत वाढलेल्या माणसाला सुरमई, हलवा, घोळ, तांबोशी किंवा शेवंड यांची ओळख करून द्यावी लागत नाही. मात्र ही सगळी ओळख जाळ्यातून बाहेर आलेल्या माशाची असते. खाड्यांतून येणाऱ्या गाळामुळे आपल्या किनाऱ्यालगतचे पाणी वर्षातले बरेच महिने गढूळ असते, पावसाळ्यात तर दर्यात उतरण्याचा प्रश्नच येत नाही, आणि तारकर्ली-मालवणला हिवाळ्यात स्नॉर्केलिंग किंवा स्कूबा करताना पाणी निवळले तरी दृष्टी काही मीटरांच्या पुढे क्वचितच जाते. त्यामुळे माशांचा थवा एकदम वळतो कसा, चपटे पाकट (इंग्रजीत रे) पंख हलवत तळावरून वर उठते कसे, किंवा मुशी, म्हणजे शार्क, न थांबता पोहत का राहते, हे मासेमारीच्या गावातल्या लोकांनीसुद्धा फारसे पाहिलेले नसते. रत्नागिरीच्या झाडगाव येथील कृषी विद्यापीठाच्या संशोधन केंद्रातले मत्स्यालय आणि तिथला देवमाशाचा सांगाडा शाळेच्या सहलीत पाहिलेला असतो, मुंबईला १९५१ साली सुरू झालेले तारापोरवाला मत्स्यालय आधीच्या पिढीने पाहिलेले असते, पण या दोन्ही ठिकाणी समुद्र छोट्या टाक्यांतून तुकड्यातुकड्यानेच भेटत असे. परदेशातल्या मोठ्या मत्स्यालयात जाण्याचे खरे कारण आपल्यासाठी तरी हे आहे: ओळखीचा मासा जिवंत आणि चालता पाहणे, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे आपल्या समुद्रात कधीच न दिसणारे काही पाहणे.

निवड करताना बहुतेक लोक सर्वांत मोठे मत्स्यालय कोणते, एवढेच विचारतात, आणि जाहिरातीही त्याच प्रश्नाचे उत्तर देत राहतात. हा प्रश्न जरा बाजूला ठेवून त्या टाकीत कोणता समुद्र भरला आहे, हे आधी पाहावे, असे माझे मत आहे. पुढील तुलनेसाठी चार ठिकाणे घेतली आहेत, ती कोकणातली कुटुंबे प्रत्यक्षात ज्या वाटांनी परदेशी जातात त्यांवरून. आखातात नोकरी करणाऱ्या नातेवाइकांमुळे दुबई, सहल कंपन्यांच्या पहिल्या परदेश सहलीत बहुधा येणारे सिंगापूर, अलीकडे वाढलेल्या जपानवारीतले ओसाका, आणि कॅलिफोर्नियात मुलाकडे किंवा मुलीकडे महिना-दोन महिने राहायला गेलेल्या आईवडिलांच्या आवाक्यातले मॉन्टेरे. अटलांटा, ओकिनावा आणि लिस्बन यांचा उल्लेख ओघात येईल.

टाकीत कोणता समुद्र आहे

दुबईच्या मत्स्यालयात बव्हंशी आपलाच समुद्र भरलेला आहे, हे तिथे जाण्यापूर्वी माहीत असलेले बरे. २००८ साली दुबई मॉलबरोबर सुरू झालेल्या या टाकीत १ कोटी लिटर पाणी आहे आणि तिच्यात मुशी, पाकटे, मोठमोठे गोबरे आणि थव्याने फिरणारे मासे आहेत. अरबी समुद्राच्या एका काठावरून उठून दुसऱ्या काठावर जायचे आणि तिथे काचेआड त्याच कुळातले मासे पाहायचे, यात नावीन्य कमी आहे. तरीही एक गोष्ट दुबईच्या बाजूने सांगितली पाहिजे. बाजारात आपल्याला बहुधा हातभर लांबीची मोरी, म्हणजे लहान मुशी, दिसते. सँड टायगर शार्कसारखी माणसाहून लांब मुशी, दात बाहेर काढून, डोळ्यांच्या पातळीवरून संथपणे जाताना पाहणे हा वेगळाच अनुभव आहे, आणि तो घेण्यासाठी दुबईत तिकीटही लागत नाही, कारण टाकीची मुख्य दर्शनी बाजू मॉलच्या उघड्या मार्गावरच आहे.

सिंगापूरच्या सेंटोसा बेटावरचे मत्स्यालय २०१२ साली सुरू झाले आणि जुलै २०२५ मध्ये ते पूर्वीच्या तिप्पट मोठे होऊन 'सिंगापूर ओशनेरियम' या नव्या नावाने पुन्हा उघडले. त्यामुळे त्याआधी जाऊन आलेल्या नातेवाइकांनी सांगितलेले वर्णन आता बरेचसे जुने झाले आहे, हे लक्षात ठेवावे. इथला समुद्र उष्ण कटिबंधाचा आहे: प्रवाळ, प्रवाळावरचे रंगीत मासे, जेलीफिश, आणि मोठ्या टाकीतली मांटा जातीची पाकटे. प्रवाळ कोकणातही आहे. मालवणच्या किनाऱ्याजवळ ते स्नॉर्केलिंग करताना दिसते, आणि विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर आत समुद्रात अँग्रिया बँक नावाचा मोठा प्रवाळपट्टा आहे. पण तिथवर सामान्य पर्यटक पोहोचत नाही आणि मालवणला पाण्याचा निवळपणा दैवावर सोडावा लागतो. म्हणून सिंगापूरकडे आपल्याच समुद्राची निवळ आवृत्ती म्हणून पाहावे. नव्या रचनेतली २२ दालने एकापाठोपाठ एक कथा सांगितल्याप्रमाणे मांडलेली आहेत. प्राचीन काळातल्या जलचरांपासून खोल समुद्राच्या तळाशी पडलेल्या देवमाशाच्या कलेवरावर जगणाऱ्या जीवसृष्टीपर्यंत त्यांचा पल्ला आहे. शाळकरी मुलांना याचा उपयोग होतो. मोठ्यांपैकी काहींना इतकी मांडणी आणि इतकी प्रकाशयोजना माशांपेक्षा जास्त वाटेल, आणि मी त्यांच्याशी सहमत आहे.

ओसाकाचे काइयुकान मात्र एका कल्पनेवर उभे आहे आणि ती कल्पना आजही टिकून आहे. १९९० साली उघडलेल्या या मत्स्यालयात पॅसिफिक महासागराच्या कडेने प्रदक्षिणा घातल्यासारखी टाक्यांची रांग आहे. सरकत्या जिन्याने थेट वर आठव्या मजल्यावर जायचे, तिथे जपानी अरण्यातल्या ओढ्यात खेळणारी पाणमांजरे पाहायची, आणि मग उतरत्या वाटेने अल्युशियन बेटे, मॉन्टेरेचा उपसागर, पनामा, इक्वेडोरचे वर्षावन, अंटार्क्टिका, टास्मन समुद्र, ग्रेट बॅरियर रीफ असे करत, मधल्या प्रचंड टाकीभोवती फिरत तळाशी यायचे. एकाच टाकीत वरच्या मजल्यावर पृष्ठभागाजवळचे मासे दिसतात आणि तीन-चार मजले खाली आल्यावर त्याच टाकीच्या तळाशी बसलेले प्राणी दिसतात. समुद्राला खोली असते आणि प्रत्येक खोलीवर वेगळे रहिवासी असतात, ही गोष्ट डोलकरांना जाळ्याच्या अनुभवाने ठाऊक असते; ती डोळ्यांनी दाखवून देणारी इतकी सरळ मांडणी बाकीच्या तिन्ही ठिकाणी नाही. शेवटी शेवटी जपानच्या खोल समुद्रातला कोळी-खेकडा येतो. त्याच्या पसरलेल्या पायांचा विस्तार साडेतीन मीटरच्या पुढे जाऊ शकतो, आणि चिंबोरीच्या कालवणावर वाढलेला माणूस त्याच्यासमोर निदान पाच मिनिटे तरी थांबतोच.

मॉन्टेरेविषयी सर्वांत जास्त लिहावेसे वाटते, कारण कोकणच्या माणसाला ते एकाच वेळी सर्वांत परके आणि सर्वांत ओळखीचे आहे. परके, कारण तिथला समुद्र थंड आहे. आपल्या किनाऱ्यावरचे पाणी साधारण २६ ते ३० अंश सेल्सिअसच्या दरम्यान असते, तर मॉन्टेरेच्या उपसागरात ते बहुतेक काळ १० ते १५ अंशांच्या आसपास राहते. खोल समुद्रातले थंड, पोषक द्रव्यांनी भरलेले पाणी तिथे वर येत असल्यामुळे केल्प नावाच्या अवाढव्य समुद्रशैवालाची अरण्ये उभी राहतात. अनुकूल दिवसांत हे शैवाल एका दिवसात फूटभर वाढू शकते. या मत्स्यालयातली केल्पची टाकी सुमारे साडेआठ मीटर उंच आहे. ती वरून उघडी ठेवलेली आहे, म्हणजे तिच्यात खरे ऊन पडते, आणि केल्पला हलते पाणी लागते म्हणून यंत्राच्या साहाय्याने तिच्यात सतत लाटेची ओढ निर्माण केली जाते. पाणी समोरच्या उपसागरातूनच खेचले जाते. दिवसा प्रेक्षकांना स्वच्छ दिसावे म्हणून ते गाळतात आणि रात्री न गाळता सोडतात, त्यामुळे त्या पाण्याबरोबर आलेली सूक्ष्म पिल्ले आणि बीजाणू टाकीतल्या खडकांवर आपोआप रुजतात. म्हणजे टाकीतले काही रहिवासी कोणी आणून सोडलेले नाहीत, ते स्वतःच आलेले आहेत. पाण्याच्या आकारमानात दुबईपुढे ही टाकी अगदीच लहान ठरते, आणि तरीही चारही ठिकाणच्या टाक्यांमध्ये मी तिला पहिली ठेवीन.

ओळखीचे वाटण्याचे कारण इमारतीच्या जागेत आहे. १९८४ साली डेव्हिड आणि ल्युसिल पॅकार्ड यांच्या देणगीतून उभे राहिलेले हे मत्स्यालय एका जुन्या सार्डिन कॅनरीच्या जागेवर बांधले आहे. सार्डिन म्हणजे आपल्या तारलीच्याच कुळातला मासा. विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात या रस्त्यावर तारलीसारखा हा मासा डबाबंद करणारे कारखाने दिवसरात्र चालत होते. १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात मासा अचानक दुर्मिळ झाला आणि पुढच्या वर्षांत एकेक कारखाना बंद पडत गेला. जास्त मासेमारी आणि समुद्राच्या तापमानातले नैसर्गिक चढउतार ही दोन्ही कारणे त्यामागे सांगितली जातात. जुन्या कारखान्याचे बॉयलर आजही प्रवेशाजवळ जतन केलेले आहेत. तारलीचे एखादे वर्ष भरभराटीचे आणि पुढचे रिकामे, हे ज्यांनी आपल्याकडे पाहिले आहे, त्यांना त्या बॉयलरांपुढचा फलक वाचायला दुभाषा लागणार नाही. याच संस्थेने १९९९ पासून कोणता मासा विकत घ्यावा आणि कोणता टाळावा याची यादी ग्राहकांसाठी प्रसिद्ध करायला सुरुवात केली. आपल्याकडे २०२३ मध्ये रुपेरी पापलेटला राज्यमासा घोषित करण्यात आले, त्यामागेही लहान पापलेट पकडले जाऊ नये हीच काळजी होती. मासे खाणाऱ्यांच्या प्रदेशातले मत्स्यालय मासे खाणाऱ्यांशी कोणत्या भाषेत बोलते, हे पाहायचे असेल तर मॉन्टेरेला पर्याय नाही.

थंड समुद्र पाहण्याची इच्छा आहे पण अमेरिकेला जायचे नाही, अशांसाठी लिस्बनचे ओशनेरियम आहे. १९९८ च्या जागतिक प्रदर्शनासाठी बांधलेले हे मत्स्यालय ओसाकाच्याच वास्तुरचनाकाराचे, पीटर चेरमायेफ यांचे काम आहे, आणि मधली मोठी टाकी व तिच्याभोवती वेगवेगळ्या महासागरांचे किनारे अशीच त्याची घडण आहे.

आकाराचा मोह

आकडे पाहायचेच असतील तर ते असे आहेत. सिंगापूरच्या मोठ्या टाकीत सुमारे १ कोटी ८० लाख लिटर पाणी असून तिची पाहण्याची खिडकी ३६ मीटर रुंद आणि ८.३ मीटर उंच आहे. दुबईची टाकी ५१ मीटर लांब आहे आणि तिच्या तळातून ४८ मीटरांचा बोगदा जातो. ओसाकाच्या मधल्या टाकीत ५,४०० टन पाणी असून ती ९ मीटर खोल आहे. अटलांटाच्या जॉर्जिया मत्स्यालयाची सर्वांत मोठी टाकी ६३ लाख गॅलनची, म्हणजे जवळजवळ २ कोटी ४० लाख लिटरची आहे, आणि समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असल्याने तिथले खारे पाणीही नळाच्या पाण्यात क्षार मिसळून तयार केलेले आहे.

या आकड्यांचा पाहणाऱ्याच्या अनुभवाशी संबंध एका मर्यादेपर्यंतच असतो. इतक्या जाडीची साधी काच हिरवट दिसली असती, म्हणून या सगळ्या खिडक्या अॅक्रिलिकच्या असतात. दुबईची तर ७५ सेंटिमीटर जाड आहे. सपाट खिडकीतून पाण्यातली वस्तू प्रत्यक्षापेक्षा साधारण एक चतुर्थांश जवळ आणि त्या प्रमाणात मोठी भासते. त्यामुळे रुंद खिडकीला नाक लावून उभे राहण्यापेक्षा दहा-पंधरा पावले मागे, जमिनीवर बसून पाहिले तर टाकीचा खरा विस्तार कळतो. सिंगापूरला अशी बसण्याची जागा आहे, दुबईच्या मॉलमध्ये मात्र मागून लोंढा वाहत असतो. बोगद्याबद्दल माझे मत प्रतिकूल आहे. डोक्यावरून जाणाऱ्या पाकटाचे पोट पाहण्याची मजा एकदाची असते, आणि गोलाकार भिंतीमुळे बाकी सारे वाकडे दिसते. तेवढ्यासाठी दुबईचे तिकीट काढायचे असेल तर ते लहान मुलांसाठी काढावे.

व्हेल शार्क आणि मनाला लागणारा प्रश्न

जपान किंवा अटलांटा निवडणाऱ्यांच्या मनात बहुधा व्हेल शार्क असतो. जगातला हा सर्वांत मोठा मासा मुशीच्या कुळातला आहे, पण तो पाणी गाळून त्यातले प्लवक आणि लहान मासे खातो. दुबई, सिंगापूर व मॉन्टेरे येथे तो नाही. ओसाकात आहे, ओकिनावाच्या चुराउमी मत्स्यालयात आहे, अटलांटात आहे. निव्वळ व्हेल शार्कसाठीच जायचे असेल तर ओकिनावाची ७,५०० घनमीटरची टाकी ओसाकापेक्षा सरस आहे. तिथे २००७ साली मांटा पाकटाचा जन्मही झाला, आणि बंदिवासातला तो पहिला मानला जातो. मात्र ते ठिकाण नाहा शहरापासून रस्त्याने दोनेक तासांवर आहे, आणि टोकियो-क्योटो-ओसाका अशा नेहमीच्या सहलीत ते बसत नाही.

या माशाशी कोकणाचा संबंध आहे, आणि तो निर्णयाच्या आड येऊ शकतो. भारतात व्हेल शार्कला २००१ पासून वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे. आपल्या किनाऱ्यावर तो जाळ्यात आला तर मच्छिमार जाळे कापून त्याला सोडून देतात, आणि फाटलेल्या जाळ्यासाठी राज्य शासनाच्या कांदळवन विभागाकडून २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळण्याची सोय आहे. ओसाकातले व्हेल शार्कही जाळ्यातूनच आलेले असतात: शिकोकू बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर लावलेल्या स्थिर जाळ्यांत ते चुकून अडकतात, तिथल्या संशोधन केंद्रात काही काळ ठेवले जातात, काहींना खूणयंत्र लावून पुन्हा समुद्रात सोडले जाते आणि काही ओसाकाला येतात. तिथे नराला 'काई' आणि मादीला 'यू' म्हणतात. एक गेला की येणाऱ्या पुढच्यालाही तेच नाव मिळते. अटलांटाचे व्हेल शार्क तैवानच्या मासेमारीतून आणलेले होते, जिथे त्या काळी ते खाण्यासाठी पकडले जात. २००५ साली मत्स्यालय उघडले आणि २००७ साली त्यांपैकी दोन दगावले.

मोकळ्या समुद्रात हा मासा हजार मीटरपेक्षाही खोल बुडी मारतो. नऊ-दहा मीटर खोल टाकीत तो फेऱ्या मारताना पाहून काहींना आनंद होईल आणि काहींचे मन खट्टू होईल, आणि दोन्ही प्रतिक्रिया मला समजतात. डॉल्फिनच्या बाबतीत मात्र माझे मत स्पष्ट आहे. भारत सरकारने २०१३ मध्ये देशात डॉल्फिनचे खेळ करणारी केंद्रे उभारायला मनाई केली, आणि जे आपल्याकडे चालत नाही ते परदेशात टाळ्या वाजवून पाहू नये. अटलांटाला जाणाऱ्यांनी तिथला डॉल्फिनचा कार्यक्रम वगळून बाकीचे मत्स्यालय पाहावे. ओसाकात टास्मन समुद्राच्या टाकीत डॉल्फिन आहेत, हेही आधी माहीत असावे. मॉन्टेरेने डॉल्फिन ठेवलेले नाहीत. २००४ पासून काही वर्षे तिथे ग्रेट व्हाइट शार्कची लहान पिल्ले मर्यादित काळ ठेवून नंतर सोडण्यात येत होती, पण २०११ साली सोडलेले एक पिल्लू मेल्यानंतर तो प्रकारही थांबला. तिथली समुद्री पाणमांजरे बहुतेक करून किनाऱ्यावर अनाथ सापडलेली असतात. जी समुद्रात परत सोडता येत नाहीत, त्या माद्यांकडे अनाथ पिल्ले सांभाळायला देऊन नंतर ती पिल्ले मोकळी सोडण्याचा उपक्रम ही संस्था अनेक वर्षे चालवीत आहे. बाहेरच्या सज्जावर उभे राहिले तर मोकळ्या पाण्यात केल्पला लगडून उताणी पडलेली पाणमांजरे दिसण्याचीही बरीच शक्यता असते.

वेळ, चालणे आणि पैसा

सोबत आजी-आजोबा असतील तर ओसाकाची रचना त्यांच्या गुडघ्यांना सर्वांत दयाळू आहे, कारण चढण एकदाच, तीही सरकत्या जिन्याने, आणि मग सगळी वाट उताराची. व्हीलचेअरची सोय आहे. ओसाकाको या मेट्रो स्थानकापासून ते थोड्या मिनिटांच्या चालीवर आहे. सिंगापूरला पोहोचण्यासाठी हार्बरफ्रंट स्थानकावर उतरून सेंटोसा एक्सप्रेस घेता येते. आत चालणे बरेच आहे, आणि विस्तारानंतर ते आणखी वाढले आहे, त्यामुळे त्याला पूर्ण अर्धा दिवस द्यावा लागतो. दुबईत मॉलमध्येच चालून पाय दुखलेले असतात. मॉन्टेरेसाठी सान होजेहून गाडीने एक-सव्वा तास, सान फ्रान्सिस्कोहून दोन तास लागतात, म्हणजे तो पूर्ण दिवसाचा बेत झाला, आणि मुलाला किंवा मुलीला त्यासाठी सुट्टी काढावी लागणार.

तिकिटांत मॉन्टेरे सर्वांत महाग, प्रौढाला साठ डॉलरच्या आसपास किंवा पुढे. ओसाकाचे तिकीट सुमारे ३,००० येन असून ते दिवसानुसार कमी-जास्त होते आणि प्रवेशाची वेळ आधी ठरवावी लागते. दुबईत मूळ तिकिटावर काचेच्या तळाची होडी, पिंजऱ्यातून स्नॉर्केलिंग, मुशींसोबत बुडी अशी चढती आमिषे असतात. ज्याने तारकर्लीला बुडी मारली आहे किंवा मारायची ठरवले आहे, त्याने ती सर्व निःसंकोच नाकारावीत. त्या पैशात मालवणला दोन हिवाळे निघतील.

छायाचित्रांबद्दल एवढेच, की फ्लॅश बंद ठेवावा आणि गडद रंगाचे कपडे घालावेत, नाहीतर प्रत्येक फोटोत माशाच्या पोटावर आपलाच पांढरा शर्ट उमटतो.

या सगळ्यावरून माझा कौल असा. दुबईला जाणे होतच असेल तर मॉलमधल्या खिडकीपुढे वीस मिनिटे थांबावे आणि तिकिटाचे पैसे राखून ठेवावेत. लहान मुले हट्ट धरून बसली तरच आत जावे. सिंगापूर हे दहा-बारा वर्षांच्या मुलांसोबत जाणाऱ्या कुटुंबाने निवडावे, कारण दुबईहून तिथे शिकण्यासारखे पुष्कळ जास्त आहे, आणि बाहेर पाऊस असेल तर दिवस वाया जात नाही. आयुष्यात परदेशी मत्स्यालय एकदाच पाहायचे असेल आणि घरातल्या तिन्ही पिढ्या सोबत असतील, तर ओसाका. मुलगा-मुलगी कॅलिफोर्नियात असेल आणि समुद्रावर खरे प्रेम असेल, तर मॉन्टेरे, आणि तेही बाकी कशाची तुलना न करता.

कधी जावे

कोकणात सुट्टीचे गणित शाळेइतकेच आंब्यावर आणि मासेमारीवर चालते. एप्रिल-मेमध्ये जपानला जाणाऱ्यांनी २९ एप्रिल ते ५ मे हा तिथल्या सलग सुट्ट्यांचा आठवडा टाळावा. त्या दिवसांत ओसाकाचे मत्स्यालय पाहणे म्हणजे लोकांच्या पाठी पाहणे होय. बागायतदाराला मेअखेरपर्यंत घर सोडता येत नाही, आणि मच्छिमार कुटुंबांना १ जून ते ३१ जुलै या बंदीच्या काळातच मोकळीक मिळते. या दोघांच्या वाट्याला जून येतो, तेव्हा ओसाकात पावसाळा सुरू झालेला असतो, दुबईत बाहेर फिरणे अशक्य असते आणि सिंगापूरच्या शाळांना सुट्टी लागलेली असते. पावसाळी दिवशी बंदिस्त जागेत घालवायचा वेळ म्हणून ओसाका जूनमध्येही उत्तम ठरते, फक्त सकाळी उघडतानाची वेळ घ्यावी. सिंगापूरला जूनमध्ये शनिवार-रविवार सोडून जावे. मॉन्टेरेला जून ते ऑगस्ट धुके आणि अमेरिकी शाळांच्या सुट्टीची गर्दी असते. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आकाश निवळते आणि मुलेही शाळेत परतलेली असतात. मात्र गणपतीच्या दिवसांत कोकणातून कोण निघणार, म्हणून व्यवहारात दिवाळीच उरते. दिवाळीच्या सुट्टीत मॉन्टेरे ठरवताना नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी येणाऱ्या थँक्सगिव्हिंगच्या आसपासचे दिवस वगळावेत, तिकीट घरूनच काढून ठेवावे, आणि मुक्काम नाताळापर्यंत लांबणार असेल तर २५ डिसेंबरला मत्स्यालय बंद असते हे लक्षात घेऊन बेत आखावा.